बैलाच्या शिंगाला वडाचे सूत

निपाणीजवळच्या आमच्या गावात ज्या बाईंकडून मी रोज दूध आणतो, त्यांची निम्मी वाक्ये नवऱ्याच्या तक्रारीची असतात आणि सगळी हसत म्हटलेली असतात. ज्येष्ठी पुनवेला इकडे दोन सण एकत्र येतात: वटपौर्णिमा आणि बैलांचा कर्नाटकी बेंदूर. त्या दिवशी बाई बैलासाठी पुरणपोळ्या लाटतात आणि स्वतः उपास करतात. "बैलाला पोळी, मालकास्नी पोळी, मला केळं," असे त्या दरवर्षी सांगतात.

यंदा त्यांचा म्हातारा बैल आदल्या दिवसापासून वैरणीला तोंड लावत नव्हता. डॉक्टर इंजेक्शन देऊन गेले होते. नवऱ्याने त्याची शिंगे हुरमुंजाच्या लाल रंगाने रंगवली.

नवऱ्याला आयुष्य मागत वडाला सूत गुंडाळून बाई परतल्या. उरलेले सूत त्यांनी बैलाच्या शिंगांना गुंडाळले.

"अगं, ते माझ्या आयुष्याचं न्हवं व्हय?" नवरा म्हणाला.

"तुमाला काय धाड भरलीया? सकाळी थाळीभर पोहे हाणलासा!"

त्यांनी पोळी बैलापुढे धरली. बैलाने हुंगून मान फिरवली. त्या तशाच उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने बैलाने लांब जीभ काढली आणि पोळी ओढून घेतली.

"खाल्लं गं! खाल्लं!" नवरा ओरडला.

बाईंनी पदराने डोळे पुसले. "सात जन्माचं ऱ्हाऊ द्या मालक. आदी आनी एक पोळी आना."

नवरा चुलीकडे पळत सुटला.