वासापुरती पेंड

फूटपाथवरच्या आमच्या दुकानांच्या ओळीत कुंडीमामांची नर्सरी अगदी टोकाला. पत्र्याचं छप्पर, हिरवी जाळी, मागे दोन खोल्यांचं बिऱ्हाड. ही ओळ उठवायला जे जे आले त्यांच्याशी मी भांडले, ओरडून घसा बसवून घेतला. मामा मात्र कधी भांडले नाहीत. कागद नाचवत आलेल्या साहेबाला ते विचारायचे, "तुमच्या घरी ऊन कुठल्या खिडकीतून येतं?" आणि साहेब थोड्या वेळाने गुलाबाची कुंडी काखेत धरून परत जायचा. माझा तिळपापड व्हायचा. पण ओळ टिकली, त्यात माझ्या घशाइतकाच त्या गुलाबांचाही वाटा आहे, हे मान्य करायला हवं.

गिऱ्हाईक रोप मागायचं, मामा आधी माती मिसळायला बसायचे. एकच माती सगळ्यांना घालणाऱ्यांचा त्यांना मनस्वी राग. "सगळ्या माणसांना एकाच मापाचा जोडा घालाल का?" निवडुंगाला निम्मी वाळू, नेच्याला कुजलेला पाला भरपूर, गुलाबाला थोडं पाणी धरून ठेवणारी माती. मिसळून झाली की मूठ दाबायची. उघडल्यावर गोळा राहिला आणि बोट लावताच मोडला, तर जमली. आणि कोणी मातीतच ढीगभर खत कालवायला सांगितलं, की मामा हसायचे. "माती म्हणजे अंथरूण, खत म्हणजे जेवण. अंथरुणात जेवण कालवतात होय?" जेवण वेगळं. पिंपात पेंड भिजत घातलेली असायची. त्या पाण्याच्या वासाने अर्धी गल्ली नाक मुठीत धरून जायची.

मामी जन्मभर शिलाई मशीनवर. माती त्यांच्या वाट्याला आली ती फक्त मामांच्या विजारींना लागून, धुवायला.

मग गिऱ्हाइकं तक्रार घेऊन परत येऊ लागली. एक बाई करपलेलं रोप घेऊन तणतणत आली. "मामा, हे काय दिलंत? नेलं आणि मेलं!" मी मध्ये पडणार होते, पण आधी रोप पाहिलं. पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी, कुंडीच्या काठावर मिठासारखा पांढरा थर. दुकानातल्या कुंड्याही तशाच. मामांनी पान हातात घेतलं आणि म्हणाले, "उपाशी आहे बिचारं."

उपाशी कसलं! मामींनी मशीनवरून पाहिलं होतं. मामा झारीत पेंडीचं पाणी भरायचे, प्रत्येक कुंडीशी बोलत घालायचे, झारी ठेवून हात पुसायचे. जरा वेळाने त्याच कुंड्यांसमोर उभे राहून म्हणायचे, "अरेरे, आज तुम्हाला जेवायलाच दिलं नाही की!" आणि पुन्हा झारी. जितकी पानं करपत, तितकी मामांना ती भुकेली वाटत, आणि तितकं ते जास्त घालत.

लेक आली. शहाणी, कामाच्या धबडग्यातली. तिने पेंडीचं पोतं कपाटात घालून कुलूप लावलं. "आई, दुकान आवर. पुढच्या रविवारी टेम्पो आणते. बाबांना मी सांभाळते."

मामा पालथ्या कुंडीवर बसून राहिले. ताट समोर आलं तर म्हणाले, "झाडं जेवली नाहीत, मी कसा जेवू?"

मामी माझ्याकडे आल्या. मी बाह्या सरसावल्या, "चला, सांगते तिला दोन शब्द!" मामी म्हणाल्या, "खाली बस गं. तुझ्या भांडणाने झाड जगतं का? तिचं तरी काय चुकतंय?"

घरी जाऊन त्यांनी मामांनाच विचारलं, "अहो, झाडाला जास्त खाणं झालं तर काय करायचं?"

मामांचे डोळे लकाकले. आदल्या दिवशीचं आठवत नव्हतं, हे मात्र जसंच्या तसं होतं. "आधी साधं पाणी ओत, खालच्या भोकातून धो धो वाहू दे. जास्तीचं निघून जातं. मग हलकी माती दे. भरड वाळू, कोकोपीट, पाणी तुंबायला नको. आणि सावरल्यावर पेंडीचं पाणी इतकं पातळ, की नुसता वास यावा."

मामींनी कपाटाचं कुलूप काढलं आणि विजारी धुणाऱ्या हातांनी सगळ्या कुंड्या धुतल्या. वाळू धुऊन, चाळून मातीत मिसळली. मी आपली बादल्या वाहत होते. त्यांनी जुन्या परकराच्या कापडाची पुरचुंडी शिवली, त्यात चिमूटभर पेंड घालून पिंपात सोडली. वास यायला हवा होता. वास नसता, तर मामांनी पहिल्या झारीलाच चोरी पकडली असती.

मामा पुन्हा झारी घेऊन फिरू लागले. सकाळी जेवू घातलं, पुन्हा घातलं, दुपारीही घातलं. ताटही रिकामं होऊ लागलं. रविवारपर्यंत गुलाबाला नखाएवढी तांबूस पालवी आली होती.

लेक आली तेव्हा टेम्पो बाहेर उभा होता. मामा पिंपात झारी बुडवत होते. मध्येच थांबले. बोट बुडवलं, हुंगलं, जिभेला लावलं.

"अगं, हे पाणी आहे."

मामींच्या हातातली कात्री थांबली. "पातळ केलंय."

"का?"

खोटं बोलायला जागा होती, पण मामी खोटं बोलल्या नाहीत. "तुम्ही विसरता हो. एकदा घातलेलं पुन्हा पुन्हा घालता. झाडं जळायला लागली होती."

मामांनी झारी खाली ठेवली. मग कुंडीतली माती उचलून मूठ दाबली, उघडली, गोळा बोटाने मोडला. "वाळू धुऊन घेतलीस?"

"घेतली."

"बरी जमलीय." झारी भरत म्हणाले, "मी विसरलो की दर वेळी सांगत जाऊ नकोस. घालू दे मला."

"घाला की," मामी म्हणाल्या.

मामा झारी घेऊन कुंड्यांकडे गेले. एक फेरी झाली, झारी ठेवली, हात पुसले. गुलाबासमोर उभे राहिले आणि हळहळले, "अरेरे, आज तुम्हाला जेवायलाच दिलं नाही की!"

लेक उठली. आता ही काय बोलते म्हणून मी बाह्या सरसावून बसले होते. तिने नळाखाली बादली भरली आणि साधं पाणी पिंपात ओतलं.

"बाबा, या," ती म्हणाली, "भरलंय पिंप."

टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. त्याला जायला सांगायला मीच गेले, आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणाशी न भांडता परत आले.