कळपात भुंकणारं कोकरू

वर्ध्यातल्या त्या कुत्र्याच्या चोरीचा तपास मी अजून विसरलेलो नाही. दोन हजारच्या दशकातला एक हिवाळा.

फिर्यादी एकट्या राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना दमा, म्हणून पुण्याच्या मुलाने केस न गळणारं कुत्रं आणून दिलेलं. आई पूडल, बाप कॉकर स्पॅनियल. या संकराला कॉकापू म्हणतात, त्याला एकटं राहवत नाही, ही माहिती बाईंचीच. फोटोत जर्दाळूच्या रंगाच्या कुरळ्या केसांचा नुसता गोळा दिसत होता.

ठाणे अंमलदाराने विचारलं, "मॅडम, जात कोणती लिहू? आईची की बापाची?"

"आधी शोधा हो. मोती नसला की घर खायला उठतं."

मोती नाहीसा झाला त्या दिवशी घरावरून मेंढ्यांचा कळप गेला होता. बाईंचा संशय मेंढपाळावर. आमचाही.

तिसऱ्या दिवशी पवनारच्या एका चहावाल्याचा फोन आला. "साहेब, धामच्या काठी कळपात एक कोकरू भुकून राह्यलं जी!"

सकाळी बाईंना घेऊन पोहोचलो. नदी धुक्यात बुडालेली. कातरण्याआधी मेंढ्या नदीत धुतात. एकेक मेंढी धुक्यातून पांढरी होत वर येत होती. कातरीची संथ करकर सोडली, तर आवाज नव्हता. भादरलेल्या मेंढ्यांत एक किडकिडीत कुत्रं उभं होतं.

"हा माझा मोती नाही," बाई म्हणाल्या.

मी म्हाताऱ्या मेंढपाळाला दरडावलं, "काय रे, कुत्रं का नेलंस?"

"नेलं नाई जी, मांगं मांगं आलं. डोयावर केसाचे गठ्ठे. झाडाले धडकत होतं. मंग मेंढरासंगं धुतलं, कातरलं."

"दुसऱ्याचं कुत्रं कातरतोस?"

"त्याले दिसत नव्हतं, साहेब."

त्याने घोंगडीच्या घडीतून वेगळे ठेवलेले केस काढले. जर्दाळूच्याच रंगाचे. बाईंनी ते हातात घेतले आणि हलकेच म्हणाल्या, "मोती?"

कुत्रं धावत आलं.

केस गळत नाहीत म्हणजे कापायलाही नकोत, अशी बाईंची समजूत होती. प्रत्यक्षात ते वाढतच राहतात. दर दोनेक महिन्यांनी कापावे लागतात. आंधळं झालेलं कुत्रं उघड्या फाटकातून निघालं आणि पावलांच्या आवाजामागे गेलं. तक्रार गैरसमजातून झाली, असा अहवाल देऊन मी प्रकरण बंद केलं.

निघताना म्हातारा म्हणाला, "दोन महिन्यानं येजा बाई, कातरून देतो."

बाई मोतीकडेच बघत होत्या. "याचे डोळे मी आज पहिल्यांदा पाहिले," त्या म्हणाल्या.

पुढे नोकरीत अनेक संशयित समोर बसले. 'का नेलंस' हा प्रश्न मी नंतरसाठी ठेवला. आधी विचारायचो, 'तुम्हाला काय दिसलं?'