सरासरी दोन पोळ्या

अमरावतीत अकरावीला अर्थशास्त्र शिकवतो मी. मूळचा बार्शीटाकळीकडचा, म्हणून बोलणं आडदांड. आमचे विभागप्रमुख पुण्याकडून आलेले; मी साधं बोललो तरी त्यांना भांडण वाटतं. वाटू द्या.

दरडोई राष्ट्रीय उत्पन्नावरून देशांचे चार गट करतात, तो धडा मी दरवर्षी एकाच युक्तीनं शिकवायचो, आणि त्या युक्तीचा मला भारी गर्व होता. शनिवारी सकाळचं कॉलेज. सगळ्यांचे डबे टेबलावर मांडायला लावायचे, पोळ्या मोजायच्या आणि वर्गातल्या डोक्यांनी भागायच्या. गेल्या वर्षी माणशी दोन आल्या. मी फळ्यावर लिहिलं, ‘आपला वर्ग : निम्न-मध्यम गट’, आणि सांगितलं की आपला देशही याच गटात बसतो. पोरं हसली. मग ‘डबे परत न्या’ म्हणालो, ज्याचा डबा त्यानं उचलला, मधली सुट्टी झाली आणि मी खुशीत चहा प्यायला गेलो.

वार्षिक परीक्षेत प्रश्न आला : सरासरी उत्पन्नावरून देशांचं वर्गीकरण करण्याच्या मर्यादा लिहा. चार गुण. पुस्तकात मुद्दे दिलेले आहेत, पोरं घोकून येतात. एका पेपरात मुद्दे नव्हते, नुसत्या चार ओळी होत्या. मी लाल पेनानं ‘गोष्टी लिहू नयेत’ असं खरडलं आणि भोपळा दिला. गठ्ठा मोठा होता, घाई होती. पण ही झाली सबब.

निकालाआधी आम्ही पेपर दाखवतो, तेव्हा ती आली. धारणीच्याही पुढच्या गावची मुलगी, इथं वसतिगृहात राहणारी. एकतीस गुण पडले होते, पस्तीस लागतात. नापास झाली की वसतिगृहातली जागा जाणार, आणि जागा गेली की शिक्षण संपलं, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. रडली नाही, हातापाया पडली नाही. पेपर पुढं धरून म्हणाली, “सर, यात खोटं काय आहे तेवढं सांगा.”

मी पुन्हा वाचलं. तिनं लिहिलं होतं : ‘वर्गात माणशी दोन पोळ्या आल्या. वसतिगृहातल्यांजवळ डबा नव्हता, पण भागताना आम्हालाही मोजलं. मग सगळ्यांनी आपापले डबे परत नेले. हिशेबात माझ्या दोन पोळ्या होत्या आणि मी उपाशी होते.’

अशी लाज वाटली की विचारू नका. इतकी वर्षं तो खेळ केला, आणि डबे उचलल्यावर कोणाचे हात रिकामे राहतात हे एकदाही मान वर करून पाहिलं नाही. मोठा आला सरासरी शिकवणारा! तिच्यादेखत शून्य खोडलं, चार लिहिले, सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी बोलावलं. नेमके पास होण्यापुरतेच गुण वाढलेले पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. आदर्श उत्तरात हे बसत नाही, उद्या कोणी तक्रार केली तर काय, असं बरंच काही बोलले. शेवटी म्हणाले, दया करायची तर स्वतःच्या खिशातून करा, गुणांतून नको. दया म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं.

“मी नाही खोडत. जे मले शिकवता आलं नाही ते या पोरीनं लिहिलं, अन् तुमी तिलेच नापास करून राहिले.”

त्यांनी शांतपणे विचारलं, हे उत्तर कोणत्या पुस्तकात आहे?

“कोणत्याच नाही. पण खरं आहे. डबे परत न्या म्हणणारा मीच होतो.”

त्यांनी पेपर ओढून त्या चार ओळी पुन्हा वाचल्या. मी उभाच होतो, हललो नाही. मग त्यांनी माझ्या सहीखाली आपली सही केली.

मुलगी यंदा बारावीत आहे. यंदाच्या अकरावीतही त्या शनिवारी डबे मांडले, पोळ्या मोजल्या, भागल्या. पोरं आपापले डबे उचलायला उठली. मी म्हणालो, हात लावू नका, आज भागाकार झाला तसंच जेवायचं. मागच्या बाकावरून एक जण कुरकुरला की सर, माह्या डब्यात तर सहा होत्या.

“होत्या,” मी म्हणालो. “आता दोन आहेत. बस खाली.”