डावा कान

आंबेहळदीचा वास आला की मला कोलकात्याच्या बेहाला भागातलं आमचं भाड्याचं घर आठवतं, आणि त्याबरोबर नवऱ्याचे ते साहेब. बँकेच्या बदलीने आम्ही तिथे आलो, त्या गडबडीत सहा वर्षांच्या लेकीची गालगुंडाची लस राहिली. साहेब मराठी, म्हणून हक्काने येत आणि सोफ्यावर रेलून जगातल्या प्रत्येक गोष्टीवर निकाल देत. "कशाला टोचता? डॉक्टरांचे धंदे आहेत हे," असं ते म्हणाले आणि आम्ही, शिकलेली माणसं, माना डोलावून लस द्यायचं सोडून दिलं. पुढे तिला गालगुंड झालंच. आंबेहळदीचा लेप लावून सूज उतरली, तेव्हा साहेब संदेश ही बंगाली मिठाई खात म्हणाले, "बघा, काही झालं का?" तेवढ्यात पुण्याहून आजीचा फोन आला. लेकीने तो डाव्या कानाला लावला आणि म्हणाली, "आई, आजी बोलतच नाही." मी तो तिच्या उजव्या कानाला धरला, तशी ती हसली, "आता बोलतेय!" मी फोन परत डाव्या कानाला लावला, तिने नकारार्थी मान हलवली. "नाटकी आहे हं पोरगी," साहेब म्हणाले आणि त्यांनी दुसरा संदेश उचलला. तपासणीत कळलं, गालगुंडाने डावा कान गेला होता, कायमचा. हे सांगितल्यावर साहेब म्हणाले, "दुसरा आहे ना?" लेक आता नववीत आहे. निवृत्त साहेब मराठी मंडळींच्या ग्रुपवर रोज सकाळी आरोग्याचे सल्ले टाकतात. मी प्रत्येकाखाली एकच ओळ लिहिते, "यांचं ऐकून माझ्या मुलीचा कान गेला."