ब्रूजच्या त्या बाई म्हणाल्या, तुमचे बाबा कालही आले होते

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी नेमाने वाचते, पण आजवर वाचत आले ते खोट काढण्यासाठीच. इथे सांगणाऱ्याला ताप होता, इथे झोप झाली नव्हती, इथे गोष्ट तिसऱ्याच्या तोंडून आली… असं मनातल्या मनात करत. ही सवय मला बाबांनी लावली. आम्ही बौद्ध, मूळचे मेहकरचे. आमच्या घरात अंगारा नाही, उतारा नाही, दृष्ट काढणं नाही. लहानपणी कुणी भुताची गोष्ट सांगितली की बाबा शांतपणे विचारायचे, "पाहिलं कोणी? त्यानं की त्याच्या मामानं?" बाबा स्वतः नववीपर्यंत शिकलेले, कालव्यावर चौकीदार होते. मी घरातली पहिली पदवीधर. मुलुंडला औषधांच्या कंपनीत गुणवत्ता विभागात आहे, म्हणजे नोकरीही संशय घेण्याचीच.

म्हणून हे लिहायला मला वर्ष लागलं.

मागच्या उन्हाळ्यात कंपनीने मला आठवडाभराच्या ट्रेनिंगला ब्रुसेल्सला पाठवलं. आई गेल्यापासून बाबा माझ्याकडे मुलुंडलाच असतात. त्यांना मी सोबत नेलं. ज्या माणसाने मला शिकवलं, त्याला एकदा विमानात बसवायचं, एवढीच इच्छा होती. दिवसभर मी ट्रेनिंगला, बाबा हॉटेलवर. सकाळी खाली लॉबीत बसायचे, रिसेप्शनवरच्या मुलीने त्यांना कॉफीचं मशीन चालवायला शिकवलं होतं. दुपारी खोलीत. तिकडची दुपार उलटली की मुलुंडहून शेजारचे सावंत काका व्हिडिओ कॉल करायचे आणि दोघं मिळून पेपरातलं शब्दकोडं सोडवायचे. सातासमुद्रापार जाऊनही कोडं सुटलं नव्हतं.

ट्रेनिंग शनिवारी संपलं. रविवार मोकळा होता, म्हणून मी एका गाइडेड टूरमध्ये दोन जागा घेतल्या — बसने घेंट, मग ब्रूज, संध्याकाळी परत. दोन्ही मध्ययुगातली शहरं, गावातून कालवे वाहतात, कालव्यांवर दगडी पूल. म्हटलं, बाबांचा जन्म कालव्यावर गेला, त्यांना आवडेल.

आमच्या मागच्या सीटवर बोरिवलीचे दळवी काका-काकू होते. मूळचे कणकवलीकडचे. मराठी ऐकताच काकूंनी लाडूचा डबा पुढे केला. घेंटला बस थांबली आणि गाइड पिवळी छत्री उंच धरून आम्हाला पाण्याच्या काठाने नेऊ लागला, तशा काकू म्हणाल्या, "अगो, ह्यापेक्षा आमच्या बोरिवलीचा नाला रुंद हा."

"नाल्याला जुना व्हायला वेळ दे," काका म्हणाले. "पाचशे वर्षांनी तिथं पण छत्री घेऊन फिरवतील."

मी हसले. बाबा हसले नाहीत. बाबा पाण्याकडे बघतसुद्धा नव्हते, आणि हे मला पहिल्यांदा खटकलं. हा माणूस मुलुंडला पाण्याची टाकी भरताना आवाजावरून किती भरली ते सांगतो. इथे एवढे कालवे, आणि एक प्रश्न नाही. गाळ कोण काढतं, दारं कुठे आहेत, काही नाही.

"बरं नाही का?"

"बरा आहे मी, माय. पुढचं गाव कधी येते?"

पुढचं गाव म्हणजे ब्रूज. दुपारचं जेवण करून आम्ही तिथे पोहोचलो. गाइड सगळ्यांना एका पुलावर थांबवून काहीतरी समजावत होता. त्याचं बोलणं संपलं, तो डावीकडच्या गल्लीकडे वळला… पण बाबा त्याच्या आधी वळले होते. मला वाटलं, योगायोग. पुढच्या वळणावर तेच झालं. त्याच्या पुढच्याही.

मग पांढऱ्या रंगाची बुटकी घरं लागली, एकाच आवाराभोवती ओळीने बांधलेली. गाइड म्हणाला, पूर्वी इथले श्रीमंत लोक म्हाताऱ्या, विधवा, गरीब माणसांसाठी अशी घरं बांधून देत, आणि आजही त्यांत म्हातारी माणसंच राहतात. मी बाबांना मराठीत सांगत होते. ते मध्येच म्हणाले, "आत अंगणात हातपंप आहे. हिरवा."

रस्त्यावरून फक्त भिंत आणि बंद दार दिसत होतं. गाइडने आम्हाला दुसऱ्या अंगाने आत नेलं. अंगणात हिरवा हातपंप होता.

"तुम्ही यूट्यूबवर बघितलंत ना हे?" मी विचारलं. बाबा यूट्यूब खूप बघतात.

"बघितलं असेल," ते म्हणाले. बाबा "असेल" म्हणणारे नाहीत. ते हो म्हणतात नाहीतर नाही म्हणतात.

त्यानंतर गाइडने मोकळा वेळ दिला आणि कुठे जमायचं ते दाखवलं. मी ऑफिससाठी चॉकलेट घ्यायला एका दुकानात शिरले. बाबा दाराशी उभे होते, दळवी काकांशी बोलत. बाहेर आले तर काका एकटे.

"इथंच होते गो. मी चष्मा पुसला फक्त."

सुरुवातीला मी घाबरले नाही. मग घाबरले. प्रत्येक गल्ली शेवटी पाण्यालाच जाऊन भिडत होती, काठाला कठडा नाही, आणि बाबांना पोहता येतं की नाही हे मला माहीत नव्हतं. जन्मभर कालव्यावर राहिलेल्या माणसाला मी हे कधी विचारलंच नव्हतं. काठाकाठाने धावत मी पाण्यात बघत होते. काय बघतेय हे स्वतःला सांगायची हिंमत नव्हती. मग एकदम डोक्यात आलं, हातपंप.

बाबा तिथे होते. अंगणातल्या बाकावर बसलेले, हातात कॉफीचा कप. शेजारी एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई ॲप्रन बांधून उभ्या. मला बघून बाई इंग्रजीत म्हणाल्या, "आलीस? काल ते म्हणाले होते, उद्या मुलगी न्यायला येईल."

मी म्हटलं, "काल नाही. आम्ही आजच आलोय."

"तू आज आलीस. हे काल आले होते." बाई मला समजावत होत्या, जसं लहान मुलाला समजावतात तसं. "दुपारी जेवणानंतर आले, संध्याकाळच्या घंटा होईपर्यंत बसले. इथेच." आणि मग काहीतरी आठवल्यासारखं करून त्या आत गेल्या.

मी बाबांकडे बघितलं. बाबा कपाकडे बघत होते.

बाई परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात आमचा डबा होता.

लहान, स्टीलचा, झाकणावर मशीनने कोरलेलं — "सौ. कमल, मेहकर". आईचा डबा. आमच्याकडे कुठलंही भांडं घेतलं की दुकानातच नाव कोरून घेतात, कार्यात भांडी मिसळू नयेत म्हणून. त्यात मी मुलुंडहून जवसाची चटणी नेली होती. शनिवारी रात्री जेवताना मी तो डबा शोधला होता, कारण तिकडचं जेवण बाबांना सपक लागायचं. सापडला नव्हता. बाबा म्हणाले होते, असेल कुठंतरी.

मी डबा उघडला. आत साखरेच्या वड्या होत्या.

"रिकामा परत द्यायचा नसतो ना," बाई म्हणाल्या. "त्यांनीच सांगितलं."

आईने उभ्या आयुष्यात कुणाचं भांडं रिकामं परत केलं नाही. काहीच नसलं तर चिमूटभर साखर. पण हे सांगणार कोण? बाबांना इंग्रजीतलं "थँक्यू" आणि "नो प्रॉब्लेम" एवढंच येतं. मी विचारलं, "कुठल्या भाषेत सांगितलं?"

बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाल्या, "ते माझ्या लक्षात आलं नाही." आणि पहिल्यांदाच त्या बाबांकडे जरा जपून बघू लागल्या.

बसपाशी सगळे आमची वाट बघत थांबले होते. दळवी काका हळूच म्हणाले, "चकवा असतो बाई. पाण्याच्या जागी तर असतोच."

"काका, प्लीज," मी म्हटलं. इतकं तोडून मी वडीलधाऱ्यांशी बोलत नाही.

बस सुटल्यावर मी बाबांना विचारलं. आवाज चढू न देता विचारलं.

"काल तुम्ही ट्रेनने इथे आला होता का?"

"मी काल कुठंच गेलो नाही, माय. खोलीत होतो."

"मग डबा?"

"त्याचंच कारण मी मघापासून शोधतोय."

"ती बाई?"

"तिला मी आज पहिल्यांदा पाहिलं." थोडं थांबून म्हणाले, "अंगण ओळखीचं होतं."

मला आत्मा-बित्मा काही सुचलं नाही. मला सुचला तो आजार. आमच्या ऑफिसातल्या एकीची सासू अशीच दुपारी घराबाहेर पडायची, कुठे जाऊन आली ते तिला आठवायचं नाही. शेवटी तिला घरात एकटं ठेवणं बंद करावं लागलं. बाबांचं तसं झालं तर? मी सकाळी निघते ती संध्याकाळी येते. दिवसभर घरात दुसरं कुणी नाही. मेहकरला भाऊ आहे, तो लगेच म्हणेल इकडे पाठव, आणि बाबा दोन खोल्यांत त्याच्या चार माणसांत जाऊन पडतील. बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडले. बाबांना कळलं.

हॉटेलवर गेल्यावर मी चौकशी केली. रिसेप्शनची मुलगी म्हणाली, काल बाबा दुपारी जेवायच्या वेळेपर्यंत लॉबीत होते, मग लिफ्टने वर गेले. त्यांच्या खिशात तिकीट नाही, पाकिटात पावती नाही. मग मी मुलुंडला सावंत काकांना फोन लावला.

"काल बाबांशी बोलणं झालं का?"

"झालं की. सव्वा तास कोड्यात गेला, नऊ आडवा शेवटपर्यंत सुटला नाही. का गं?"

"नक्की खोलीतच होते ना?"

"म्हणजे काय? मागे खिडकीतून ती तुमची ट्राम जात होती, मी म्हटलंसुद्धा, आमच्या लहानपणीची ट्राम बघा. स्क्रीनशॉट काढलाय, बायकोला दाखवायला. पाठवू?"

त्यांनी पाठवला. निळा स्वेटर, मागे खिडकी, खिडकीत ट्राम. कॉल संपल्यावर तासाभरातच मी हॉटेलवर परतले होते, आणि दार बाबांनीच उघडलं होतं. ब्रूजला नुसतं जायलाच एक तास लागतो.

म्हणजे शनिवारी दुपारी बाबा खोलीत होते. आणि त्याच दुपारी, बाईंच्या म्हणण्याप्रमाणे, अंगणातल्या बाकावर.

मी बाईंवरही संशय घेऊन बघितला. त्याही म्हाताऱ्या, त्यांचाच घोटाळा झाला असेल. बाबांनी डबा रविवारी कोटाच्या खिशातून नेला असेल आणि तिथे दिला असेल. पण मग शनिवारी रात्री तो खोलीत का नव्हता? आणि पंधरा-वीस मिनिटांत, एकमेकांची भाषा न येणाऱ्या दोन माणसांत, मी न्यायला येणार हे, रिकाम्या डब्याचं ते… माझं काम आहे चूक कुठे झाली ते शोधायचं. प्रत्येक रस्ता थोडा पुढे जातो आणि मग पाणी लागतं.

मुलुंडला आल्यावर बाबांना डॉक्टरकडे नेलं. त्यांनी घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, मेंदूचा स्कॅन केला. डॉक्टर म्हणाले, "यांची स्मरणशक्ती तुमच्यापेक्षा बरी आहे. कशासाठी आणलंत?" मी खरं सांगितलं नाही. काय सांगणार होते?

रिपोर्ट चांगला आला म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. आजार असता तर त्याला नाव होतं, गोळ्या होत्या. आता जे उरलं त्यावर विश्वास ठेवायचा तर बाबांनी मला शिकवलेलं सगळं खोटं ठरतं. नाही ठेवायचा, तर बाबा माझ्याशी खोटं बोलताहेत. यातलं कुठलंच मला चालत नाही.

एक दिवस मी ऑफिसला निघत होते. बाबा पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "बाहेरून कुलूप लावून जात जा. मला चालते."

"मी असं कधी म्हटलं?"

"म्हणाली नाहीस. म्हणून मी म्हणतो."

मी कुलूप लावलं नाही. लिफ्टमध्ये मात्र किल्ली हातात घट्ट धरलेली होती.

हे लिहून झाल्यावर बाबांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. एका जागी बोट ठेवून म्हणाले, "तारीख घाल." मग म्हणाले, "आणि अमानवीय-बिमानवीय म्हणू नको. कारण सापडलं नाही, एवढंच लिही."

तर कारण सापडलेलं नाही. मला नाही आणि त्यांनाही नाही, असं ते म्हणतात. डॉक्टर म्हणतात माणूस ठणठणीत आहे, भाऊ विचारतो काय चाललंय, मी म्हणते सगळं ठीक.

संध्याकाळी घरी आले की बाबाच दार उघडतात. आत पाऊल टाकण्याआधी माझी नजर कोपऱ्यातल्या त्यांच्या चपलांकडे जाते — तळव्यांना ओली माती आहे का, सकाळी ठेवल्या तशाच आहेत का. त्यांना ते कळतं. जरा बाजूला सरकून उभे राहतात, मला नीट दिसावं म्हणून.