उचललेली रेघ

वेगवान रेल्वेचा मार्ग आखणाऱ्या आमच्या पथकात एक इंजिनिअर बाई होत्या. सगळे त्यांना अक्का म्हणायचे. फोनवर कन्नड बोलायच्या, ड्रायव्हरला दखनीत दटावायच्या, नकाशापुढे बसल्या की मराठीवर यायच्या. कुणी काही ठाम बोललं की लगेच विचारायच्या, "कामून?" मला त्यांची जरा धास्तीच वाटायची.

करजगीत आमची रेघ गाव आणि शिवाराच्या मधून चालली होती. दोन्ही बाजूंनी कुंपण येणार, म्हणजे शेतात जायला लांबचा वळसा. रेघ गावाबाहेरून वळवायचा विषय निघाला, तेव्हा आमचे साहेब म्हणाले, "एवढ्या वेगाच्या गाडीला असं वळण देता येत नाही."

"वळवू नका, उचला की! खांबांवरून न्या."

"खर्च वाढेल, अक्का."

"मग गावानं जलमभर वळसा कामून घालावा?"

पुढच्या प्रत्येक बैठकीत त्यांनी तोच आराखडा टेबलावर पसरला. शेवटी साहेबांनी तो मंजूर करून घेतला. त्याच दुपारी अक्का मला घेऊन करजगीला गेल्या आणि देवळापुढे जमलेल्यांना म्हणाल्या, "गाडी डोक्यावरून जाणार. तुमचा रस्ता हाय तसाच ऱ्हाणार!"

एका म्हातारीनं विचारलं, "खालून वरात निघंल का गं?"

दोन्ही हात उंच करून अक्का ओरडल्या, "हत्तीवरून काढा!"