न घेतलेला घास

अचोली मुलखातलं युद्ध संपलं, निर्वासितांच्या छावण्या उठल्या, माणसं आपापल्या गावी परतली आणि पहिल्याच पेरणीला भांडायला लागली. बांधावरून, विहिरीवरून, मेलेल्यांवरून. ती भांडणं मिटवायला लामुनूच लागायची. "दोन कुळांमध्ये खून पडला असेल तर बोलून टाका," ती ठणकावायची. "ओपुटच्या झाडाचं कडू मूळ कुटून दोन्ही कुळं एका भोपळ्यातून पिईपर्यंत एका ताटात जेवायचं नाही. जेवलात तर दोन्ही घरांत मरण येतं." लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. हे तिचं तिला पक्कं ठाऊक होतं आणि ते तिला आतून कुरतडत होतं.

तिचा भाऊ ओजारा बंडखोरांत होता. एकदा लपतछपत छावणीत आला आणि सांगून गेला, की ओलान्याला त्यानेच मारलं. ओलान्या म्हणजे छावणीतल्या शेजारणीचा, आतोचा, थोरला मुलगा. पुढे ओजाराही मेला आणि हे जाणणारी लामुनू एकटी उरली. आतो तर रोज हाक मारायची, "ये गं, दोन घास खा." नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार. शिवाय भूक होतीच. लामुनू जेवली. छावणी उठेपर्यंत जेवत राहिली.

आज आतोने मुद्दाम बोलावलं होतं. नाचणीचा गोळा, तिळाच्या कुटातली आंबट भाजी, दोघींत एकच वाडगं.

"तुझी लेक माझ्या धाकट्याला दे," आतो म्हणाली. "इतकी वर्षं फुकट खाल्लंस, आता विहीण हो."

लामुनूने हात धुतले आणि मांडीवरच ठेवले. लेकीची पोरं या रक्तात जन्माला घालायची तिची छाती होईना.

"काय गं, भाजीला वास येतोय?"

"नाही."

"मग पोट बिघडलंय?"

"नाही."

आतोचा घास हातातच राहिला. वाढलेल्या ताटासमोर असं हात आवरून खुन्याच्या कुळाशिवाय कोणी बसत नाही.

"कोण?"

"ओजारा. तुझ्या ओलान्याला."

आतोने हातातला घास वाडग्यात परत ठेवला.

"माझी पोर छावणीत तापाने गेली. तेव्हा तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि माझ्या ताटात जेवत होतीस."

"जेवत होते."

आतोने वाडग्यावर सूप झाकलं. "तुझ्या कुळातल्या म्हाताऱ्यांना पाठव. मूळ पिऊ. मेलेला भाऊ काही प्यायला येत नाही, माझ्यासमोर तू बसायचंस."

लामुनू उठून दारापर्यंत गेली, तेव्हा मागून आतो म्हणाली, "ओलान्याचं ओपुटने फिटेल. पोरीचं कशाने फिटतं, तेही सांग. गावाला तूच सांगतेस ना?"